फुफ्फुसातील रक्तप्रवाह दाखवणाऱ्या एक्स-रेविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
गोवा राज्य.

महोदय,

फुफ्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली, तर नेहमीचा छातीचा एक्स-रे फारसा उपयोगी पडत नाही. न्यूमोनिया किंवा छातीत साचलेले पाणी त्यात दिसते. रक्त कुठवर पोहोचले आणि कुठे अडले, हे मात्र स्थिर चित्रावरून सहसा समजत नाही, त्यामुळे धापेने बेजार झालेल्या रुग्णाची फिल्म अनेकदा निर्दोष दिसते. मग सीटी अँजिओग्राफी करावी लागते, जिच्यासाठी शिरेतून आयोडीनयुक्त डाय (रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून दिले जाणारे द्रव्य) द्यावा लागतो. किंवा टेक्नेशियम वापरून केला जाणारा न्यूक्लिअर स्कॅन, ज्यासाठी गॅमा कॅमेरा आणि ६ तासांत निम्मे होणारे किरणोत्सारी द्रव्य हाताशी असावे लागते.

जपानमध्ये विकसित झालेल्या डायनॅमिक चेस्ट रेडिओग्राफीकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. रुग्ण काही सेकंद श्वास रोखून उभा राहतो आणि तेवढ्या वेळात सेकंदाला सुमारे १५ या गतीने कमी मात्रेच्या एक्स-रे प्रतिमा घेतल्या जातात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी फुफ्फुसात रक्त शिरते, तेथील घनता किंचित वाढते आणि किरण तितकेच कमी आरपार जातात. डोळ्यांना न दिसणारा हा फरक संगणक मोजतो आणि जिथे तो उमटत नाही, तिथे रक्तप्रवाह क्षीण असल्याचा संशय घेता येतो. यात डाय नाही, किरणोत्सारी द्रव्य नाही.

हे गोव्याच्या संदर्भात लिहिण्याचे कारण दक्षिण गोव्यातील काणकोण तालुका आहे. त्या तालुक्यातील मूत्रपिंडाच्या विकाराचा प्रश्न आपल्या खात्याला नव्याने सांगायला नको. मूत्रपिंडे आधीच कमजोर असतील, तर सीटीच्या डायमुळे त्यांना अपाय होण्याची भीती असते. जीव धोक्यात असताना या भीतीने सीटी टाळू नये, हे खरेच. पण ज्यांची धाप महिनोन्‌महिने चालू आहे आणि जे दम्याची औषधे घेऊन थकले आहेत, त्यांच्यातील काहींच्या फुफ्फुसात जुन्या, न विरघळलेल्या गुठळ्या असू शकतात. त्यामुळे फुफ्फुसातील रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. योग्य रुग्णांत या गुठळ्या शस्त्रक्रियेने काढता येतात, म्हणून निदान लांबणे अधिकच खटकते. अशा रुग्णाला करमल घाट ओलांडून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) पाठवायचे की नाही, हे ठरवायला डायशिवाय होणारी तपासणी फार कामाची ठरेल.

तरीही यंत्र लगेच विकत घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. क्युशू विद्यापीठातील डॉक्टरांनी ही पद्धत न्यूक्लिअर स्कॅनशी ताडून पाहिली आणि निष्कर्ष उत्साहवर्धक आले, पण त्यांचे रुग्ण जुनाट विकाराचे होते. रात्री अपरात्री कोसळलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्यावर विसंबता येईल, असा अर्थ त्यातून काढणे घाईचे होईल. ज्याला श्वास रोखून धरता येत नाही, त्याची प्रतिमा बिघडते. शिवाय त्यासाठी जलद प्रतिमा टिपणारा डिटेक्टर, स्पंदित किरण देणारा जनरेटर आणि विश्लेषणाची संगणक प्रणाली लागते, त्यामुळे आरोग्य केंद्रातील सध्याच्या यंत्राला नुसते सॉफ्टवेअर जोडून भागणार नाही. उद्‌घाटनाची फीत कापून झाल्यावर तंत्रज्ञाअभावी झाकून ठेवलेले यंत्र कोणाच्याच उपयोगाचे नसते.

म्हणून विनंती अशी की, गोमेकॉच्या क्ष-किरण, श्वसनरोग आणि हृदयरोग विभागांनी मिळून, आचारसमितीच्या मान्यतेने, एकाच यंत्रावर ही चाचणी करून पाहावी. ज्या रुग्णांची सीटी किंवा न्यूक्लिअर तपासणी होणारच आहे, त्यांचीच संमतीने ही तपासणीही करावी आणि दोन्ही निष्कर्ष, चुकलेल्या निदानांसह, जाहीर करावेत. निकाल समाधानकारक आला तरच दुसरे यंत्र घ्यावे आणि ते पणजीच्या आसपास न ठेवता काणकोणच्या सामाजिक आरोग्य केंद्राला द्यावे. हृदयविकाराच्या झटक्यावर वेळीच उपचार व्हावेत म्हणून चालणाऱ्या स्टेमी प्रकल्पात दूरच्या केंद्रातील ईसीजी गोमेकॉतील तज्ज्ञांनी वाचण्याची जी पद्धत बसली आहे, तीच या प्रतिमांसाठीही वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, फोंडा