गॅस भरायच्या आधी पंखा बघ

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास की हायवेला एसी मस्त थंड मारतो पण सिग्नलला उभं राहिलं की दोन मिनिटांत गरम हवा यायला लागते, आणि गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच सांगितलं की गॅस संपलाय, भरून घ्या. मी तेव्हा एसटी स्टँडवर होतो, धड ऐकू येत नव्हतं, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. राजा, गॅस आत्ता भरू नकोस, आधी मी सांगतो ते बघ.

गॅस काय पेट्रोल आहे का जळून संपायला? तोच तो गॅस बंद पाइपातून गोल फिरत असतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये पाठवतो, तिथे तो उष्णता बाहेर टाकतो, मग डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये जाऊन आतली उष्णता उचलतो आणि परत कॉम्प्रेसरकडे. आता तुझी गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरला लागतो, उभी राहिली की तेच काम पंख्याचं. पंखा फिरत नसेल तर उष्णता जायला वाटच नाही, प्रेशर चढत जातं आणि शेवटी प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला बंद पाडतो. तू सांगितलेलं लक्षण ऐकून माझा पहिला संशय पंख्यावरच आहे, आणि पंखा बंद असताना वरून अजून गॅस भरला तर प्रेशर आणखी चढेल, कॉम्प्रेसरचं कंबरडं मोडेल.

बघायचं कसं तर गाडी सावलीत मोकळ्या जागी लाव, न्यूट्रल, हँडब्रेक, इंजिन चालू, एसी फुल, बोनेट उघड. कॉम्प्रेसरचा क्लच "टक्" करून लागतो तो आवाज ऐक आणि रेडिएटरचा पंखा, तोच कंडेन्सरलाही हवा देतो, सुरू होतो का बघ, एकदोन मिनिटं थांब. हात आत घालू नकोस, गळ्यात रुमाल उपरणं काही नको, तो पंखा कधीही अचानक सुटतो. नाहीच फिरला तर गाडी बंद करून फ्यूज बघ, मग रिले, म्हणजे पंख्याला करंट सोडणारा डबीसारखा छोटा स्विच, त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा किंवा दुसरा कुठला अगदी त्याच नंबरचा रिले असेल तर अदलाबदल करून बघ. तरीही नाही तर प्लग किंवा मोटर, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

पंखा फिरतोय पण तरी गरम, तर कंडेन्सरवर पाइपने हलकं पाणी मार. पाणी पडल्यावर आत गारवा आला तर समज कंडेन्सरला हवाच पुरत नाही. आमच्याकडे खामगाव-अकोला रस्त्यावर कापसाच्या गाड्यांमागे चार दिवस फिरलं की त्या जाळीत रुई आणि किडे गच्च बसतात, धुवावी लागते, पण वॉशिंगवाल्याला जोराचं प्रेशर मारू देऊ नकोस, पाती आडवी होतात.

हे मी एवढं कळकळीने लिहितोय कारण मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः तीनदा गॅस भरला. दरवेळी तीन आठवडे थंड, मग परत तेच. तिसऱ्यांदा संपला तेव्हा आई मागच्या सीटवर होती, चिखलीच्या पुढे तिला गरगरायला लागलं, झाडाखाली गाडी थांबवून ओला टॉवेल डोक्यावर ठेवला, तो अर्धा तास मी विसरणार नाही. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीने टॉर्च मारून पाइपाच्या जॉइंटवर एक काळा चिकट डाग दाखवला, समईखाली तेलाचा राप चढतो ना तसा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइल फिरतं, गळतीतून तेही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते. आतली ओ-रिंग वाळून चिरली होती, अंगठीएवढं रबर! तेवढं बदललं, अजून एसी ठणठणीत आहे.

तेव्हा गॅसच कमी निघाला तर आधी गळती शोधायला लाव, नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने पाइपातली हवा आणि ओल खेचून काढायची, आणि गॅस वजनावर. बोनेटखाली स्टिकर असतं, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम दोन्ही लिहिलेले असतात, लहान गाडीत साधारण अर्ध्या किलोच्या आतबाहेर. बंद गाडीला गेज लावून कोणी "बघा प्रेशर बरोबर आहे" म्हणालं तर ऐकू नकोस, आर-१३४ए प्रकारचा गॅस असेल तर ४० डिग्रीत १३० पीएसआयच्या आसपास दाखवणारच, आत थोडा द्रव गॅस शिल्लक आहे तोवर भरलेला अर्धा असो की पुरा, आकडा तोच. आणि स्वस्तातला भलताच गॅस अजिबात नको, त्यातले काही पेट घेणारे असतात.

हवाच कमी येत असेल तर ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढ, माझ्यात कडुनिंबाची पानं निघाली होती. गाडीखाली पाणी ठिबकतंय म्हणून घाबरू नकोस, ते चांगलंच, पायाशी कार्पेट ओलं झालं तर मात्र ड्रेन पाइप चोंदलाय.

तुम्ही ज्या लग्नाला इकडे येताय ते नवतप्यात आहे, मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, काकूंना बीपी आहे, आणि जालना सोडलं की ऊन काय असतं तुला माहितीये. पहाटे चारला निघा, दहाच्या आत इकडे पोचाल असं बघ. पण ते नंतर, आज ऑफिसातून आल्यावर बोनेट उघड आणि पंखा फिरला की नाही एवढं मला रात्री फोन करून सांग, मी जागाच आहे.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
अकोल्याचा दोस्त