नेमक्या वेळी रद्द होणारे मुखत्यारपत्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा झटका येऊन ते बेशुद्ध झाले, तेव्हा त्यांनी वहिनींच्या नावे रीतसर नोंदवलेले कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार, घेऊन आम्ही ठेव मोडण्यासाठी बँकेत गेलो. बंधू शुद्धीवर नाहीत हे कळताच तो कागद आम्हाला परत मिळाला. रुग्णालयाचे बिल वहिनींनी पाटल्या गहाण ठेवून भरले.

त्या दिवशी फार संताप आला होता, पण बँकेचे म्हणणे कायद्याला धरूनच होते असे पुढे वकिलांनी सांगितले. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली किंवा व्यवहार समजण्याइतकी मनाने सक्षम राहिली नाही की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण तो कागद करतो, त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. नॉमिनीचा हक्कही मृत्यूनंतरचाच. बेशुद्ध माणसाचा पालक नेमून घ्यायचा तर उच्च न्यायालयात जावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने सोलापूरकरांची मुंबईची फेरी वाचली हे खरे, परंतु अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या बाईने याचिकेमागे कधी धावायचे? इंग्लंडमध्ये भान हरपल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र २००५ च्या कायद्याने मिळते. आपल्या संसदेनेही तसा कायदा करावा.

उपचारांबाबत थोडी सोय झाली आहे. बरे होण्याची आशा उरली नसता कृत्रिम जीवरक्षक उपचार नकोत, आणि त्या वेळी आपल्या वतीने कोणी बोलावे, हे आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. जानेवारी २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. त्याची प्रत स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे जतन करण्याची तरतूद आहे. मुले पुण्या-हैदराबादला आणि आईवडील दोघेच घरी, अशी कितीतरी घरे आमच्या जुळे सोलापुरात आहेत. त्यांच्यासाठी महापालिकेने हा अधिकारी कोण, कोठे बसतो आणि प्रत कशी स्वीकारतो, याचा फलक प्रत्येक झोन कार्यालयात लावावा.

तोपर्यंत पतीपत्नींनी निदान बचत खाते तरी दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे संयुक्त करून घ्यावे. वकील व नोटरींनाही विनंती आहे, की मुखत्यारपत्रावर सही घेण्यापूर्वी कलम २०१ पक्षकाराला समजावून सांगावे. आमच्या बंधूंना ते कोणीच सांगितले नव्हते.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, जुळे सोलापूर