कान नसलेल्याची गोष्ट

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, धर्म म्हणजे शेवटी काही दावे. तपासायचे, खोटे निघाले की विषय संपला." मी गप्प बसलो. मला फोनवर सुचत नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या बाजूने बोलणारा मोठा माणूस म्हणजे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर. १९१७ मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांना तो म्हणाला, जगातली जादू ओसरली आहे. त्याने ट्रामचं उदाहरण दिलं. ती कशी चालते हे आत बसलेल्याला ठाऊक नसतं, पण मनात आणलं तर कळेल एवढी खात्री असते. गूढ शक्तींची मनधरणी करायचं कारण उरत नाही.

त्याच वर्षी रुडॉल्फ ओट्टो या जर्मन धर्म-अभ्यासकाचं पुस्तक आलं. पवित्र म्हणजे काय, तर ज्याच्यापुढे धडकी भरते आणि तरीही ओढ वाटते, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे सुरुवातीलाच तो वाचकाला बजावतो: असा अनुभव आठवत नसेल तर पुढे वाचू नका! मला हा आगाऊपणा वाटतो. कारण वेबरने १९०९ मध्ये एका पत्रात कबूल केलं होतं की धर्माच्या बाबतीत त्याला संगीताचा कान नाही. ही त्याला स्वतःतली उणीव वाटायची. तरी जगभरच्या धर्मांवर त्यानेच खंड लिहिले. कान नसला तरी चालतं गं. पण समोरचा काहीतरी ऐकतोय, हे मान्य करावं लागतं.

भावना म्हणजे पुरावा, असं मात्र मी म्हणत नाही. एकत्र जमलेल्या माणसांना जी ऊब चढते, तिच्याबद्दल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच लिहिलंय. तीच ऊब प्रार्थनेत असते आणि दंगलीतही. म्हणूनच ती समजून घ्यायची. नुसते दावे खोडून काढल्याने ती निवत नाही.

आजी गेली तेव्हा म्हटलेल्या प्रार्थनेतला एकही शब्द मला पटत नव्हता. निम्मे तर कळतही नव्हते. तरी तिसऱ्या ओळीला माझा आवाज फुटेना. त्या क्षणी तू उठून बाहेर गेलीस. कंटाळलीस म्हणून की आणखी कशाने, हे मी कधी विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.

तुझा,
बाबा