मिशिगनची मते कोणत्या वस्तीतून येतात

नोव्ही, मिशिगन
फेब्रुवारी 2025

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारले होते की, आपल्याकडे निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोणता समाज कोणाकडे झुकला याचे तक्ते वर्तमानपत्रांत येतात, तसे तिकडेही येतात का, आणि आले तर त्यांवर कितपत विश्वास ठेवावा. प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र. तक्ते येथेही येतात, आणि आपल्यापेक्षा जास्त येतात. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारून किंवा केंद्रनिहाय आकडे लोकवस्तीशी ताडून ते तयार केले जातात. कृष्णवर्णीय इतके टक्के, पदवीधर गोरे इतके टक्के, अरब इतके टक्के. या आकड्यांत मुद्दाम केलेला खोटेपणा बहुधा नसतो; परंतु मिशिगनमध्ये इतकी वर्षे राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, मतदाराच्या समाजाचे नाव समजले तरी त्याचे मत समजत नाही. तो समाज कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला राहतो, तेथे तो कधी आणि कशासाठी आला, आणि त्या दिवशी त्यातले किती जण घराबाहेर पडले, हे समजले तर पुष्कळ उलगडा होतो. मतदान केंद्राध्यक्ष म्हणून तुम्ही ज्या शाळांमधून रात्र काढली आहे, त्या गावांचा अनुभव आठवून हे वाचावे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. राष्ट्राध्यक्षाची निवड देशभरातील एकूण मतांवर होत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक असतात, त्यांची एकूण संख्या 538 आहे आणि जिंकण्यासाठी 270 लागतात. मिशिगनचे सध्या 15 आहेत आणि राज्यात एका मतानेही पुढे असणाऱ्याला ते सगळे मिळतात. 2016 साली ट्रम्प यांनी हे राज्य अवघ्या 10,704 मतांनी जिंकले, 2020 साली बायडेन यांनी सुमारे 1 लाख 54 हजारांनी, आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा ट्रम्प यांनी सुमारे 80 हजारांनी. पन्नास लाखांहून अधिक मतदान होणाऱ्या राज्यात हे फरक किरकोळच म्हणायचे. त्यामुळे एखाद्या उपनगरातली कुजबुजही वॉशिंग्टनपर्यंत ऐकू जाते.

आता डेट्रॉईट, मिशिगनमधील मोटार कारखान्यांचे शहर. 1914 साली हेन्री फोर्ड यांनी कामगारांना दिवसाला पाच डॉलर देण्याचे जाहीर केले आणि पुढच्या काही दशकांत दक्षिणेकडील कापसाच्या शेतांवर राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने येथे आली. पोलंड, इटली आणि लेबननमधून आलेले लोकही त्याच कारखान्यांत होते. 1950 साली शहराची वस्ती साडेअठरा लाख होती. 2020 च्या जनगणनेत ती 6 लाख 39 हजार भरली. ओसरलेली माणसे फार लांब गेली नाहीत. त्यांतील बहुतेक गोरी कुटुंबे शहराच्या उत्तर हद्दीवरील एट माईल रोड ओलांडून पलीकडच्या मॅकॉम्ब आणि ओकलंड या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) स्थिरावली. कृष्णवर्णीयांना तो रस्ता ओलांडणे सोपे नव्हते. कर्ज देणारे, घरे विकणारे आणि शेजारी, तिघेही आडवे येत. जुलै 1967 च्या दंगलीत 43 माणसे मेली आणि स्थलांतराचा वेग आणखी वाढला. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, शहरातील शाळांमधील वर्णभेद मोडण्यासाठी उपनगरांतील शाळांना सक्तीने त्या योजनेत ओढता येणार नाही. तेव्हापासून एट माईल ही गावकुसासारखी झाली: ती ओलांडायला कोणी मनाई करत नाही, पण ती कोठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते.

मॅकॉम्बची कथा मला सर्वांत बोधक वाटते. तेथे राहायला गेलेले लोक मोटार कामगार, युनियनचे सभासद आणि बहुतांशी कॅथलिक होते. 1960 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या केनेडी यांना या काउंटीने 63 टक्के मते दिली. बारा वर्षांनी, मुलांना बसने दुसऱ्या वस्तीतील शाळांत पाठवण्याचा वाद पेटला असताना, अलाबामाचे वर्णभेदवादी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी मिशिगनमधील डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक जिंकली. 1984 पर्यंत मॅकॉम्बची सुमारे दोन तृतीयांश मते रिपब्लिकन पक्षाच्या रेगन यांच्याकडे गेली होती. स्टॅन्ली ग्रीनबर्ग नावाच्या अभ्यासकाने 1985 साली तेथील मतदारांशी दीर्घ चर्चा केल्या, आणि ‘रेगन डेमोक्रॅट’ (म्हणजे रेगन यांना मत देणारा डेमोक्रॅट) या संज्ञेशी मॅकॉम्बचे नाव कायमचे जोडले गेले. माणसे तीच, कारखाने तेच, युनियनही तीच. बदलला होता तो पत्ता, आणि त्या पत्त्यासोबत आलेली भीती. मात्र एवढ्यावर मॅकॉम्बला वर्णद्वेषी ठरवून मोकळे होणाऱ्यांचे मला पटत नाही, कारण याच काउंटीने 2008 आणि 2012 साली ओबामांना विजयी केले होते. 2016 साली ती ट्रम्प यांच्याकडे 48 हजार मतांच्या आघाडीने गेली. म्हणजे राज्यातील संपूर्ण फरकाच्या चौपटीहून अधिक मते एकट्या मॅकॉम्बने दिली. कारखाने बंद पडत असताना कोण आपल्याविषयी बोलतो, हा प्रश्नही त्या मतांत होता.

त्याच 2016 च्या निकालाची दुसरी बाजू एट माईलच्या अलीकडे आहे आणि तक्त्यांत ती हमखास हरवते. डेट्रॉईट शहरात ट्रम्प यांना आठ हजारही मते मिळाली नाहीत; चार वर्षांपूर्वीच्या रिपब्लिकन उमेदवारापेक्षा ती थोडीच अधिक होती. पण हिलरी क्लिंटन यांना ओबामांच्या 2012 च्या मतांपेक्षा सुमारे 47 हजार मते कमी पडली. टक्केवारी पाहिली तर कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षाशी पूर्वीइतकाच एकनिष्ठ दिसतो, कारण टक्केवारी काढली जाते ती आलेल्यांची. जे आलेच नाहीत त्यांचा रकाना नसतो. शहराने तीनच वर्षांपूर्वी दिवाळखोरी पाहिली होती, वस्तीही घटत चालली होती, आणि ज्या पक्षाला पिढ्यान् पिढ्या मते दिली त्याने आपल्याला गृहीत धरले आहे, हे तेथे उघडपणे बोलले जात होते. घरी बसणे हेही एक मत असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बहिष्काराचे फलक लावलेल्या गावांत तुम्ही ड्युटी केली आहे.

आम्ही राहतो ती ओकलंड काउंटी एट माईलच्याच उत्तरेला, मॅकॉम्बला खेटून आहे, पण तिचे वळण उलटे. येथे कामगारांपेक्षा अभियंते, डॉक्टर आणि कंपन्यांचे अधिकारी जास्त. 2012 चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी याच काउंटीत वाढले. 1992 पर्यंत ती रिपब्लिकन होती. 1996 पासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक राहिली आहे, आणि 2020 साली तिने बायडेन यांना एक लाखाहून अधिक मतांची आघाडी दिली. पदवीधर गोरे मतदार, विशेषतः स्त्रिया, डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकल्या आणि पदवी नसलेले गोरे रिपब्लिकनांकडे, ही देशभराची गोष्ट. एका सीमारेषेच्या दोन बाजूंना ती येथे जवळून पाहायला मिळते. ट्रॉय, नोव्ही, फार्मिंग्टन हिल्स या गावांत भारतीयांची वस्ती खूप आहे, आणि इकडची नियतकालिके ‘भारतीय मतांचा प्रभाव’ वगैरे लिहू लागली आहेत. त्यात अतिशयोक्ती बरीच आहे. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात भरलेल्या सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असावीत असा माझा अंदाज आहे, आणि मत फक्त नागरिकाला आहे. शाळेच्या पटावर आणि किराणा दुकानांत दिसणारा समाज आणि मतदारयादीतला समाज यांत वीसेक वर्षांचे अंतर असते.

डिअरबॉर्नविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षी सर्वांत जास्त लेख त्याच गावावर आले आणि सर्वांत जास्त घाईही तेथेच झाली. हे फोर्ड कंपनीचे गाव. 1942 पासून 1978 पर्यंत ऑर्व्हिल हबर्ड हे तेथे महापौर होते, आणि कृष्णवर्णीयांना गावात घर मिळू द्यायचे नाही हे त्यांचे उघड धोरण होते. फोर्डच्या कारखान्यासाठी आलेल्या लेबनी कुटुंबांमागून त्यांचे नातलग आले, मग येमेनी आले, इराकी आले, आणि 2020 च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक रहिवाशांनी आपले मूळ मध्यपूर्वेत किंवा उत्तर आफ्रिकेत असल्याचे लिहिले. हा समाज डेमोक्रॅटिक पक्षाचा हक्काचा मानला जातो, तो किती अलीकडचा समज आहे पाहा. 2000 साली जॉर्ज बुश यांनी एका जाहीर वादविवादात अरब वंशाच्या लोकांविरुद्ध गुप्त पुरावे वापरण्यावर टीका केली होती, आणि अनेक मुस्लिम संघटनांनी त्यांना पाठिंबा दिला होता. इराक युद्धानंतर आणि पाळत ठेवणाऱ्या कायद्यांनंतर हे सगळे फिरले. 2020 साली डिअरबॉर्नने बायडेन यांना सुमारे 70 टक्के मते दिली. मग गाझाचे युद्ध आले. फेब्रुवारी 2024 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत मिशिगनमधील एक लाखाहून अधिक मतदारांनी ‘कोणालाही नाही’ अशा अर्थाचा पर्याय निवडला, आणि डिअरबॉर्नमध्ये तो पर्याय बायडेन यांच्याही पुढे होता. नोव्हेंबरमध्ये गावात ट्रम्प यांना सुमारे 42 टक्के, डेमोक्रॅटिक उमेदवार हॅरिस यांना 36 आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना 18 टक्के मते पडली. ‘अरब रिपब्लिकन झाले’ असे मथळे दुसऱ्या दिवशी आले. पण त्याच दिवशी त्याच गावाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या, पॅलेस्टिनी वंशाच्या रशिदा तलैब यांना काँग्रेससाठी, म्हणजे येथील संसदेसाठी, भरघोस मते दिली. माझ्या मते तो राग होता, आणि राग अनेक दारांनी बाहेर पडला.

याच्या शेजारी स्टर्लिंग हाइट्स ठेवून पाहा. हे गाव मॅकॉम्ब काउंटीत आहे आणि तेथे कॅल्डियन लोकांची मोठी वस्ती आहे. ते उत्तर इराकमधून आलेले कॅथलिक ख्रिस्ती आहेत. जनगणनेच्या ठोकळ्यात हे दोन्ही समाज आजवर ‘गोरे’ म्हणूनच धरले जात होते. वेगळा रकाना ठेवण्याचा निर्णय केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये घेतला. दोघांच्या घरी अरबी खाणे आहे, दोघांच्या आठवणीत युद्ध आहे, पण कॅल्डियनांच्या आठवणीतला शत्रू वेगळा आहे, आणि त्यांच्यातील बरेच जण रिपब्लिकन पक्षाकडे झुकतात. 2017 च्या जूनमध्ये डेट्रॉईट परिसरात शंभराहून अधिक इराकी नागरिकांना परत पाठवण्यासाठी पकडण्यात आले; त्यांत बहुसंख्य कॅल्डियन होते आणि चर्चच्या दारात बायका रडत होत्या. तरीही काउंटी 2020 आणि 2024 मध्ये ट्रम्प यांच्याबरोबरच राहिली. येथे धर्म, गर्भपाताचा प्रश्न आणि लहान दुकानदारांचे हिशेब देशाच्या नकाशापेक्षा वरचढ ठरले, असे मी समजते.

पश्चिम मिशिगनविषयी थोडक्यात सांगते. डच प्रोटेस्टंटांनी वसवलेल्या ऑटावा काउंटीने दीडशेहून अधिक वर्षांत राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाही डेमोक्रॅटला आघाडी दिलेली नाही. शेजारच्या केंट काउंटीने, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या ग्रँड रॅपिड्सने, मात्र 2020 आणि 2024 या दोन्ही वेळा डेमोक्रॅटिक कौल दिला. मूळ एकच; एकीकडे गाव राहिले, दुसरीकडे रुग्णालये आणि महाविद्यालये असलेले शहर झाले.

शेवटी तुमच्या कुतूहलाचा विषय, आपले श्री ठाणेदार. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे हे गृहस्थ 2022 साली डेट्रॉईटमधून काँग्रेसवर निवडून आले, आणि जवळपास सत्तर वर्षांत प्रथमच या बहुसंख्य कृष्णवर्णीय शहराचा काँग्रेसमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. याचा अर्थ शहराने समाजाचा विचार सोडून दिला असा लावला गेला, पण हिशेब साधा आहे. पक्षांतर्गत निवडणुकीत नऊ उमेदवार होते, कृष्णवर्णीय मते अनेकांत विभागली गेली, आणि स्वतःचा मुबलक पैसा प्रचारात ओतणारे ठाणेदार सुमारे 28 टक्क्यांवर पुढे निघाले. शिवाय मतदारसंघच नवा होता. 2018 च्या जनमतानंतर सीमा आखण्याचे काम आमदारांकडून काढून तेरा नागरिकांच्या आयोगाकडे दिले गेले, आणि आयोगाने डेट्रॉईटचे तुकडे उपनगरांना जोडले. विधिमंडळाच्या अशाच तेरा मतदारसंघांच्या सीमा डिसेंबर 2023 मध्ये केंद्रीय न्यायालयाने रद्द केल्या, कारण त्या वर्ण पाहून आखल्या होत्या. पक्षपात टाळण्यासाठी नेमलेल्या आयोगावर ही वेळ आली, हे वाचून तुम्हाला हसू येईल.

आता सगळ्यांचे लक्ष 2026 च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीकडे आहे. 2013 साली डेट्रॉईटचे महापौर म्हणून निवडून आलेले माइक डग्गन, जे गोरे आहेत, त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून अपक्ष लढण्याचे जाहीर केले आहे. ते एट माईलच्या कोणत्या बाजूची मते खाणार, यावर येथे दोन तट पडले आहेत. मला वाटते ओकलंडची. तुमच्या जावयांचे म्हणणे मॅकॉम्बची.

सौ. आईस नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. तिकडच्या जिल्हा परिषदेच्या निवडणुकांचे काय झाले ते अवश्य कळवावे.

आपली आज्ञाधारक कन्या