मनू जूनपासून झेडपीच्या शाळेत जाणार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "वर्ष संपत आलं, पोरीला शाळेत घालणार की नाही?" मी विषय बदलला. उत्तर तयार होतं, पण त्यात तुम्हा दोघांची कितीतरी वर्षं गुंतलेली आहेत. ते फोनवर दोन मिनिटांत उरकणं बरं वाटेना.

मनूला जूनपासून सोसायटीमागच्या गावठाणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालतोय. तिसरीत.

पहिल्या खासगी शाळेबद्दल फार लिहीत नाही. वर्षाला 95 हजार फी, बसमध्ये जाता-येता दीड तास, आणि वर्गात मराठी बोललं की टोकायचे. बाई कष्टाळू होत्या, पण चाळीस मुलांत मनू गप्प होत गेली. घरी आली की दप्तर पाठीवरच ठेवून सोफ्यावर बसून राहायची. ते बघवेना म्हणून पहिली संपल्यावर काढली आणि हे वर्षभर घरीच शिकवलं. बाबा, तेव्हा तुम्ही आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हता. तुमची भीती मला कळत होती: दाखला कुठला, पुढे परीक्षेला बसू कोण देणार? शिक्षणहक्क कायद्यात घरी शिकण्याबद्दल काही म्हटलेलं नाही, पण शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश द्यायचा, हे त्याच्या कलम 4 मध्ये स्पष्ट आहे. पुढे दहावीला राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, बाहेरून परीक्षेला बसायचा बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म आहे. सगळे रस्ते बघूनच आम्ही पाऊल उचललं होतं.

आणि हे वर्ष वाया गेलं नाही, हे तुम्हाला मनापासून सांगायचंय. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेतली, पण खरा अभ्यास पुस्तकाबाहेरच झाला. दिवाळीत कराडला कोयना-कृष्णेच्या प्रीतिसंगमावर तिने विचारलं होतं ना, "कोयनेचं पाणी इथून कुठे जातं?" घरी आल्यावर चार दिवस आम्ही त्यामागे होतो. कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, इथवर मला माहीत होतं. मग नकाशात धरण सापडलं, धरणातून डोंगराच्या पोटात शिरणारे बोगदे सापडले, खाली कोकणात पोफळीचं वीजघर आणि पुढे अरबी समुद्राला जाणारी वाशिष्ठी नदी. एकाच धरणाचं पाणी दोन समुद्रांना मिळतं हे कळल्यावर तिने मोरीत पिठाची चाळण आणि नळी घेऊन धरण बांधलं. पस्तीस मिनिटांच्या तासात हे कुठल्याच शाळेत झालं नसतं. ती पुन्हा बोलायला लागली, तेही याच वर्षात.

पण घरशिक्षणाची दुसरी बाजू मला आधी कोणी सांगितली नव्हती. शाळेत बाई रागावल्या तर मूल घरी येऊन आईला सांगतं. आमच्याकडे रागावणारी मीच आणि सांगायचंही मलाच. हातच्याच्या वजाबाकीवरून एकदा मी इतकी चिडले की ती रात्री जेवली नाही. माझा पगार अर्धा झाला ते वेगळंच, आणि तो अर्धा झाला तरी आमचं भागलं, हीसुद्धा सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही. शनिवारी बागेत घरी शिकणारी मुलं जमायची. गोड मुलं, चांगली माणसं. पण प्रत्येकाच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं आणि घरी थांबू शकणारं एक माणूस होतं. मनूला आपल्यासारखीच माणसं तेवढी दिसत होती.

आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंची मुलगी मनूच्याच वयाची. 2024 मध्ये त्यांनी खासगी शाळांतल्या, गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांसाठी अर्ज केला होता. त्याच वर्षी सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या जागांतून सूट. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, पण तोवर शाळा सुरू झाल्या होत्या आणि ताईंचा धीर सुटला होता. त्यांनी मुलीला झेडपीत घातलं. यंदा 26 जानेवारीला तिच्याबरोबर मनू झेंडावंदनाला गेली आणि परत आल्यावर म्हणाली, "मला तिथे बसायचंय."

मी चार वेळा जाऊन आले. 54 मुलं, दोन शिक्षक, चार वर्ग. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. बांधकामावरच्या मजुरांची मुलं आहेत, नांदेडची, बिहारची, इथे येऊन मराठी शिकलेली. मुलींच्या संडासाला कडी नाही. एका सरांकडे मतदार याद्यांचं काम, दुसऱ्या बाई दुपारी पोषण आहाराचे आकडे फोनवर भरत होत्या. पाचवीत जाऊनही दुसरीचं पुस्तक धड वाचता न येणारी लाखो मुलं देशात आहेत, हेही मी विसरलेले नाही. म्हणून वाचन घरी चालूच राहील, आणि शाळा व्यवस्थापन समितीत मी जाणार आहे. कडीपासून सुरुवात करीन.

बाबा, आता जे लिहिते ते कसं घ्याल माहीत नाही. पाटणच्या डोंगरातल्या त्या वाडीवरच्या शाळेत तुम्ही एकटे चार वर्ग सांभाळायचात. खडू-फळा योजनेत दुसरे गुरुजी मिळाले तेव्हाचा तुमचा आनंद आई अजून सांगते. पण मला मात्र तुम्ही कराडला इंग्रजी शाळेत घातलंत. आई आणि मी एका खोलीत, तुम्ही शनिवारच्या एसटीने यायचात आणि सोमवारी पहाटे निघायचात. फीसाठी आईने किती साड्यांना फॉल-पिको केलं असेल! त्या शाळेने मला नोकरी मिळवून दिली, हे मी नाकारत नाही. पण वाडीवरच्या मुलांना जे गुरुजी मिळाले, ते मला मिळाले नाहीत. हे मला दिवाळीत कळलं. तुम्ही खराट्याच्या काड्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधून मनूसमोर ठेवल्यात आणि म्हणालात, "सुट्या कमी पडतायत ना? मग एक मोळी सोड." तिने दोरा सोडला, काड्या पसरल्या आणि हसली. मी महिनाभर ओरडून जे शिकवत होते, ते तुम्ही एक दोरा सोडून शिकवलंत. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आत जाऊन रडले, आईला ठाऊक आहे.

तेव्हा तुम्ही जे केलंत ते माझ्यासाठीच होतं, यात मला शंका नाही. आई, तुला त्या खोलीत किती एकटं वाटलं असेल, हे मात्र मी कधीच विचारलं नाही. आलीस की सांगशील?

बाबा, मी त्या शाळेतल्या बाईंना तुमच्याबद्दल सांगितलंय. एका खोलीत दोन वर्ग असताना चौथीच्या मुलाला लहानांशेजारी कसं बसवायचं, कुणाला आधी काम द्यायचं, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल. त्याआधी आठ दिवस तरी या. गुडघ्यांचं कारण सांगू नका, शाळा तळमजल्यावर आहे आणि आमच्या फाटकापासून चालत पाच मिनिटं.

येताना काड्या आणा. मनूने हिशेब करून ठेवलाय: तिसरीत तिच्यासकट 11 मुलं, प्रत्येकाला नऊ मोळ्या आणि नऊ सुट्या. दोरे ती इथे कापून ठेवते आहे.

तुमची,
सोनी