लागोसहून अर्धी हार कबूल

लागोस, ३ ऑक्टोबर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

जुन्या गोव्यात आपण भांडलो होतो आणि माशाच्या जेवणाची पैज लावली होती, आठवतंय? तू म्हणालास, "राजानं खजिना मोकळा सोडला म्हणून हे पोर्तुगीज इथवर पोचले." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. (लागोस पोर्तुगालातलं बरं का, नायजेरियातलं नव्हे. आई उगाच घाबरली.)

इथल्या चौकात राजपुत्र हेन्रीचा पुतळा आहे. म्हणायला 'नाविक', पण स्वतः मोरोक्कोपलीकडे कधी गेला नाही. ख्रिस्ती योद्ध्यांच्या एका श्रीमंत पंथाचा तो कारभारी. वास्को द गामाच्या शिडांवरचा लाल क्रूस याच पंथाचा. त्या उत्पन्नावर तो जहाजं धाडायचा. १४३४मध्ये त्याच्या पदरच्या जिल इयानिश या खलाशानं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बोजादोरचं भूशिर ओलांडलं आणि १४४३मध्ये दरबारानं हेन्रीला मक्ता दिला: तिथून पुढे जायचं तर त्याचा परवाना, आणि मालाचा पाचवा हिस्सा त्याला. आपली चौथाई, त्यांची पाचवाई!

माल म्हणजे काय, ते चौकाला लागूनच असलेल्या संग्रहालयात कळलं. ऑगस्ट १४४४मध्ये याच गावात आफ्रिकेतून पकडून आणलेली २३५ माणसं उतरवली. वाटणी करताना आयांपासून मुलं ओढून काढली. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. त्याचा पाचवा हिस्सा: ४६ जण. हे सगळं त्याची स्तुती करणाऱ्या बखरकारानंच लिहून ठेवलंय. मी बाहेर येऊन बराच वेळ नुसता बसलो.

असो. तू जन्मभर टेंडरं भरलीस, तेव्हा हे ऐक. १४६९मध्ये पाचव्या अफोन्सो राजानं गिनीचा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याचा, व्यापार फर्नांव गोमिश नावाच्या लिस्बनच्या व्यापाऱ्याला पाच वर्षं ठेक्यानं दिला. वर्षाला २ लाख रियाल भरायचे, शिवाय दरवर्षी १०० लीग (अंतराचं जुनं माप) नवा किनारा शोधायचा. म्हणजे सर्वेक्षण ठेकेदाराच्या खर्चानं आणि भाडं राजाला! अशी अट तुझ्या खात्यानंही घातली नसेल.

तुझा खजिनावाला राजा आला, पण उशिरा. दुसऱ्या जुआंव राजानं १४८२मध्ये पश्चिम आफ्रिकेत मीनाचा किल्ला बांधला, सोनं येऊ लागलं; १४८८मध्ये त्याच्या पदरच्या दियश या दर्यावर्दीनं आफ्रिकेचं टोक ओलांडलं. १४९७मध्ये पुढचा राजा मानुएलनं गामाला धाडलं, ते मात्र राजाच्या हुकमानं आणि राजाच्या जहाजांवर. तेवढं तुझं खरं.

म्हणजे पैज अर्धी तू जिंकलास. दिवाळीला येतोय, माशाच्या जेवणाचं बिल निम्मं-निम्मं. सोलकढी मात्र तुझ्याकडून.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू