सूचना : अण्णांच्या स्मरणार्थ रविवारी रक्तदान

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी आमच्या अण्णांना जाऊन वर्ष होतंय. त्या दिवशी सकाळी 9 ते 1 मंडळाच्या हॉलमध्ये रक्तदान ठेवलं आहे. वयाच्या 65 व्या वर्षापर्यंत अण्णांनी रक्त दिलं. नियमाने थांबावं लागलं तेव्हा फार हळहळले होते. ऑगस्ट 2019 चा सांगलीचा महापूर तुम्ही सगळ्यांनी सोसलाय. आईला आणि आम्हा भावंडांना मिरजेला आत्याकडे सोडून ते त्याच संध्याकाळी परत फिरले, गावभागातल्या म्हाताऱ्या माणसांना औषधं पोचवायला. कुणाला बीपीची गोळी, कुणाला इन्सुलिन, सगळं त्यांनी एका वहीत टिपलं होतं. ती वही आईने अजून जपून ठेवली आहे. रविवारी फोटोशेजारी तीच ठेवणार आहोत.

वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 हवं. आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे 3, स्त्रियांचे 4 महिने झालेले असावेत. उपाशीपोटी मात्र येऊ नका.

हार-फुलं कृपया आणू नयेत. नावं शुक्रवारपर्यंत कार्यालयात द्या.